बेंबळीची मोटार-गिरणी

जैनोद्दीन बेंबळीला परतला तेव्हा १९४६ सालचा उन्हाळा सरत आला होता. लढाईच्या आधी तो सोलापुरात पेंडीच्या लॉऱ्या चालवायचा. तिथंच फौजेत भरती झाला आणि तीन वर्षं ब्रह्मदेशात जखमींची गाडी हाकली. पाठीमागं माणसं कण्हत असायची. कण्हणं थांबलं की त्याचा पाय आपोआप ढिला पडायचा, कारण मग घाई करून उपयोग नसायचा. घरी आल्यावर त्यानं हसीनाबीला, आपल्या बायकोला, एवढंच सांगितलं, की आता आपल्याच्यानं गाडी चालवणं व्हायचं नाही.

आणि महिनाभरात सोलापूरच्या लिलावातून त्यानं फौजेची तसलीच जुनी गाडी विकत घेतली.

"हिचं इंजिन मला डोळे झाकून खोलता येतं," तो बायकोला म्हणाला. "त्याच्यावर पिठाची गिरणी चालंल. गाडी आता कुठं जायची न्हाय."

हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर निजामाच्या शिपायांनी गाडी दिवसभर अडवली. आत काही लपवलंय का म्हणून फळ्यासुद्धा उचकटल्या. जैनोद्दीन बाभळीखाली बसून राहिला. भांडायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

घरामागं त्यानं गाडी दगडांवर चढवली, चारी चाकं काढून सपरात ठेवली आणि मागच्या आसाला पट्टा लावून जातं फिरवलं. गिरणी झकास चालली, पण बायका दळण आणीनात. त्या गाडीत माणसं मेलीत म्हणायच्या. शेवटी शेजारची म्हातारी सिताबाई ज्वारीची पाटी घेऊन आली. जात्यानं तिचा खांदा कायमचा गेला होता.

"माझ्या खांद्याला कसली आलीय शिसारी," ती म्हणाली. "दळ बाबा."

तिच्यामागं हळूहळू सगळा गाव आला.

भाद्रपदात एका दुपारी गावातला महालिंगप्पा आला. त्याची बायको रुद्रम्मा दोन दिवस अडली होती, सुईणीनं हात टेकले होते. बैलगाडीनं धाराशिवचा दवाखाना गाठायला रात्र झाली असती.

"चाकं काढलीत, अण्णा," जैनोद्दीन म्हणाला. "ती आता गिरणी हाय."

महालिंगप्पा माघारी वळला. जैनोद्दीन बसूनच होता. तेवढ्यात हसीनाबी सपरातून एक चाक ढकलत बाहेर आली. ते तिच्या हातून निसटून पडलं, तिनं पुन्हा उभं केलं.

"मी लावते," ती म्हणाली. "कुठला नट आधी, तेवढं सांगा."

थोड्या वेळानं तो उठला.

रुद्रम्माची बाज त्यांनी गाडीतल्या जुन्या कड्यांना बांधली. हसीनाबी तिच्या उशाशी बसली. चिखलातून गाडी निम्म्या वाटेवर आली आणि पाठीमागचं कण्हणं थांबलं. जैनोद्दीनचा पाय ढिला पडला.

"थांबू नका," हसीनाबी मागून म्हणाली. "श्वास हाय अजून."

त्यानं पाय दाबला.

रुद्रम्मा वाचली, मूल गेलं. घरी आल्यावर जैनोद्दीन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपला. मग चाकं काढून पुन्हा गिरणी सुरू केली.

दीड महिन्यानं रुद्रम्मा दळण घेऊन आली. पीठ पडेपर्यंत ती जोत्यावर बसली होती. मग तिनं विचारलं, "दादा, ते वाटंत गेलं, का आधीच?"

"मला ठाऊक न्हाय, आक्का." तो म्हणाला. "चाकं लावंस्तोर तासभर गेला."

"व्हय," ती म्हणाली. पिठाची पाटी तिनं डोक्यावर घेतली आणि गेली.

त्या दिवशी जैनोद्दीननं चाकं बसवली ती पुन्हा सपरात ठेवली नाहीत. रोज सकाळी तो गाडीचा मागचा भाग जॅकवर उचलायचा, एक चाक काढून पट्टा चढवायचा. सांजच्याला पुन्हा चाक लावून गाडी जमिनीवर. आसपासच्या गावांतून बोलावणं आलं की जायचा. कुणाला नाही म्हणाला नाही, आणि कधी हौसेनं गेलाही नाही.