शून्याखालचा अर्धा अंश

दाराला धडकलं तर दाराचीच माफी मागणाऱ्या माणसाला लसींच्या भांडारात कामाला ठेवू नये, असा नियम कुठे लिहिलेला नाही. म्हणून सॉरीसाहेब तिथे निभावले. हे नाव भांडारवाल्या बाईंनी ठेवलेलं. आणि ते ठेवल्याबद्दल त्यांनी बाईंचीच माफी मागितली होती, म्हणून ते कायमचं चिकटलं.

भांडारातल्या फ्रिजांचं तापमान कॉम्प्युटरवर दिसावं, हे त्यांचं काम. प्रोग्रॅम त्यांचाच, पण तापमापकाचा आकडा वाचण्याचा नाजूक भाग त्यांनी तयार उचलला होता. आपण कशाला भलतं धाडस करा? जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट मिळणारी, कुणीही उघडून पाहावी अशी ती तयार प्रोग्रॅमची लायब्ररी होती. काही अडलं तर इंटरनेटवरच्या तिच्या पानावर सगळ्यांदेखत विचारायचं. सॉरीसाहेब ते पान रोज वाचत, पण विचारलं कधीच नव्हतं. एकदा कुणी नियम न वाचता प्रश्न टाकला, तेव्हा पाचजण त्याच्यावर तुटून पडले होते. अपमान त्याचा झाला, कानाला खडा यांनी लावला.

त्या सकाळी बाईंनी हाक मारली. "साहेब, जरा इकडे या. घाबरू नका."

"असं म्हटलं की मी घाबरतो, बाई."

"मग घाबरा. हे बघा."

जुन्या फ्रिजमधला काचेचा तापमापक शून्याच्या खाली अर्धा अंश दाखवत होता. पडद्यावर शून्याच्या वर अर्धा अंश. सॉरीसाहेबांनी दोन्ही आकडे पुन्हा एकदा वाचले.

दोन अंशांच्या खाली पडद्यावर पिवळा दिवा लागे, शून्याखाली लाल. या फ्रिजचा पिवळा दिवा दारातल्या मांजरासारखा कायम तिथेच बसलेला, त्यामुळे त्याला कुणी विचारत नसे. लाल लागला तर मात्र माल हलवायचा नाही. गोठलेली लस विषारी होत नाही, नुसती निकामी होते. सुई टोचली जाते, मूल रडतं, आई समजूत घालते, आणि मूल होतं तसंच असुरक्षित घरी जातं. रोग दारात येईपर्यंत कुणाला पत्ता नसतो. आणि याच फ्रिजमधला माल दुपारच्या गाडीने दवाखान्यांना जायचा होता.

त्यांनी आपला प्रोग्रॅम उभा-आडवा तपासला. मग भीत भीत लायब्ररी उघडली. ती आकड्याचे दोन तुकडे करत होती, पूर्ण अंश वेगळे आणि उरलेला भाग वेगळा. उणे एकचं उणे टिकत होतं. पण पूर्ण अंश शून्य असले की, शून्याला कसलं आलंय उणे, म्हणून ते तिथेच गळून पडत होतं.

भांडाराच्या मोठ्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "ती लायब्ररी हजारो लोक वापरतात ना? मग चूक तुम्हालाच बरी सापडली. विचारा त्यांना. ते हो म्हणाले तर गाडी थांबवतो. नाहीतर त्या काचेच्या नळीवर भरवसा ठेवून दवाखान्यांना काय सांगू?"

सॉरीसाहेबांनी लिहायला घेतलं. 'आपला बहुमोल वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व. बहुधा माझीच चूक असेल. मी फारसा जाणकार नाही.' अशा तीन परिच्छेदांनंतर, घराच्या मागच्या दाराने पाहुणा आत शिरावा तसा, उणे अर्ध्या अंशाचा उल्लेख आला. पाठवून झाल्यावर त्यांनी बायकोला फोन करून ते वाचून दाखवलं.

"अहो, तुम्ही तक्रार केलीत की लग्नात ताट सांडलंत?" ती म्हणाली.

लायब्ररी सांभाळणारा माणूस नावाऐवजी घुबडाचं चित्र लावत असे. त्याचं उत्तर लगेच आलं. 'चूक तुमचीच होती हे तुमच्या लक्षात आलं, छान झालं. बंद करतो.' आणि प्रश्नावर 'बंद' अशी पट्टी लागली.

डॉक्टरांनी ती पट्टी पाहिली. "मिटलं तर मग. गाडी भरा."

आता सॉरीसाहेबांना एका अनोळखी घुबडाशी, जगासमोर, वाद घालायचा होता. त्यांनी पुन्हा 'क्षमस्व' लिहिलं. मागे बाई उभ्या होत्या.

"तो शब्द काढा."

"मग सुरुवात कशी करू?"

"फ्रिजपासून करा की."

त्यांनी लिहिलं: 'उणे अर्धा अंश आत जातो, अधिक अर्धा बाहेर येतो. खाली चार ओळींचा प्रोग्रॅम आहे, चालवून पाहा. या फ्रिजमध्ये लहान मुलांच्या लसी आहेत. चूक माझी नाही.' शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा खोडलं, दोनदा परत लिहिलं. बाईंनी मागून नुसता घसा खाकरला. त्यांनी पाठवून दिलं.

उत्तर येईना. घुबड जेवायला गेलं असेल, झोपलं असेल, चिडलं असेल. खाली गाडीची दारं लावल्याचा आवाज आला.

सॉरीसाहेब जिना उतरले कसे ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ते गाडीसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, सरका. उशीर होतोय," ड्रायव्हर म्हणाला.

"सॉरी. पण नाही सरकत."

डॉक्टर बाहेर आले. "कुणाच्या हुकमाने?"

"कुणाच्याच नाही," सॉरीसाहेब म्हणाले. त्यांनी गाडीचा आरसा घट्ट धरला. "लाल दिवा लागायला हवा होता, साहेब. तो लागला नाही, म्हणून मी उभा आहे."

डॉक्टर काही बोलणार, तोच वरच्या खिडकीतून बाईंनी डोकं बाहेर काढलं. "साहेब, घुबड बोललं. त्याच्याकडेही उणे गळतंय म्हणतो. प्रश्न परत उघडलाय."

डॉक्टरांनी ड्रायव्हरला खोकी उतरवायला सांगितलं. सॉरीसाहेबांनी आरसा सोडला. आता हायसं वाटायला हरकत नव्हती. पण घुबडाने शेवटी एक साधी गोष्ट विचारली होती: तुम्ही हे कधीपासून वापरताय?

तिघे पडद्यासमोर बसले. सॉरीसाहेबांनी मागच्या थंडीतल्या तापमानाची रेघ काढली. रेघ हळूहळू खाली आली, शून्याला टेकली आणि चेंडूसारखी वर उसळली. पुन्हा खाली, पुन्हा उसळी. कुठलाही फ्रिज असा उड्या मारत नाही. प्रत्येक उसळी म्हणजे गळून पडलेलं उणे, आणि तो माल केव्हाच टोचून झालेला. त्यांच्या प्रश्नाखाली दूरदूरचे भांडारवाले गोळा होऊ लागले होते: आमच्याकडेही हीच लायब्ररी आहे, आम्ही आता काय करायचं?

"कोण सांगणार दवाखान्यांना?" डॉक्टरांनी विचारलं. या वेळी आवाज त्यांचाही बारीक झाला होता.

सॉरीसाहेबांनी फोन ओढला आणि पहिल्या दवाखान्याचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत होती. कुणी उचलू नये, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. तरी रिसीव्हर त्यांनी कानाला घट्ट दाबून धरला होता.