हे पक्षी बघायचे, मी ह्यांना

बेल वाजली तेव्हा मी कोळंबी सोलत होते. दारात आमच्या सोसायटीचा वॉचमन. म्हणाला, "काकी, नाना गेटजवळच्या बाकावर बसलेत. हाका मारतोय, पण उठत नायत." मी ओल्या हातानेच जिना उतरले, लिफ्टसाठी थांबले नाही. हे दही आणायला गेले होते. दुकान आमच्या गेटवरून दिसतं, इतकं जवळ. मांडीवर पिशवी होती, मान जरा कलली होती... समोरच्या इमारतीतले डॉक्टर चपला न घालता धावत आले. कोणी पाणी आणलं, कोणी गाडी काढली. सगळी आपली माणसं, आपली भाषा बोलणारी. तरी काही उपयोग झाला नाही.

आता काही आठवडे झाले. स्वाती म्हणते, आई, रडत नाहीस तर निदान लिही. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला चारचौघांत बोलायला जमत नाही, लिहायची तर सवयच नाही. पण लिहायला बसले की पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीपाशी येते. ह्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवली तेव्हापासून मी ह्यांना एकट्याने लांब जाऊ दिलं नव्हतं. परक्या देशात, समुद्राच्या कड्यांवर, चिखलात, हेलकावणाऱ्या बोटीत, सगळीकडे मी मागे मागे गेले. आणि इथे करंजाड्याला, आपल्याच गेटपर्यंत, बिनघोर सोडलं.

स्वाती आमची मुलगी. इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिला बाळ झालं तेव्हा आम्ही दोघं पहिल्यांदा तिकडे गेलो. हे बंदरात क्रेन चालवायचे, नुकतेच निवृत्त झाले होते. बाळाच्या कामात ह्यांचा काही हात लागेना, दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. शेजारचे जॉर्ज म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते, ते ह्यांना एकदा गावाबाहेरच्या पाणथळीवर घेऊन गेले. परत आले ते वेगळेच होऊन आले. जावयाचा जुना कॅमेरा मागून घेतला. पुढे कळलं की तिकडे एक रीतच आहे. त्या देशात सहसा न येणारा एखादा पक्षी वाऱ्याने वाट चुकून कुठेतरी उतरतो. ज्याला तो दिसतो तो सगळ्यांच्या फोनवर कळवतो. मग माणसं कामधंदा टाकून, गाड्या बदलत, बोटी पकडत तिथे पळतात, कारण पक्षी उद्या असेलच असं नाही. दर उन्हाळ्यात आम्ही तिकडे जायला लागलो आणि हेही त्यांच्याबरोबर पळायला लागले. कधी खाली कॉर्नवॉलला, कधी वर स्कॉटलंडला.

मधल्या एका वर्षी ह्यांना ती स्प्रिंग बसवली, तेव्हापासून स्वाती चिडायची. "बाबा, तुम्ही हार्ट पेशंट आहात. पक्ष्यांमागे धावायचं वय आहे का?"

"धावतो कुठं गो? पाखरू बसलेला असतं, मी उभा असतो."

मी म्हटलं, "मी पण येणार."

"तू? तुला पाखरातला काय कळतं?"

"मला तुमच्यातला कळतं."

हे हसले, पण नाही म्हणाले नाहीत. ह्यांना कुठे रानात काही झालं तर मी कोणाला काय सांगणार? मला तर 'थँक्यू' म्हणतानाही जीभ अडखळते. शेवटी स्वातीने मला एक इंग्रजी वाक्य शिकवलं. माय हजबंड हॅज हार्ट प्रॉब्लेम, प्लीज कॉल अँब्युलन्स. मी ते भाकऱ्या थापताना म्हणायचे, बाळाला झोपवताना म्हणायचे. गाडीत बसले की ह्यांच्या गोळ्यांची डबी चाचपायची आणि मनात ते वाक्य म्हणायचं, एवढंच माझं काम. बाहेर काय दिसतं ते मी बघितलंच नाही.

एकदा दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर गेलो. मोठ्या दुर्बिणी लावून माणसांची रांग उभी होती, देवळात असावी तशी शांतता. जॉर्जनी आपली जागा ह्यांना दिली. ह्यांनी डोळा लावला आणि ह्यांचं अंग गदगदा हलायला लागलं. मी डबी काढली. बघते तर हे हसत होते.

"अगो, शेकाट्या! आपला शेकाट्या!"

ह्यांच्या वडिलांचं मिठागर होतं, आज जिथे उलव्याच्या इमारती आहेत त्या बाजूला. तिथल्या खाऱ्या पाण्यात हे लांब गुलाबी पायांचे पक्षी दिवसभर फिरायचे, त्यांच्याकडे कोणी मान वळवून बघायचं नाही. आणि इथे त्याच्यासाठी एवढी माणसं पहाटेच्या गार वाऱ्यात कुडकुडत उभी! हे बोटं बधिर होईपर्यंत फोटो काढत राहिले. परतताना गाडीत मात्र कॅमेरा पिशवीत टाकून खिडकीबाहेर बघत बसले. मी विचारलं, "छातीत दुखतंय का?"

"नाय गो. आपल्याकडं जागा नाय राह्यली म्हणून तर हा हिकडं आला नसंल ना?" मग स्वतःच म्हणाले, "जॉर्ज बोलतो, स्पेनकडचा हाय हा. तरी पण..."

सगळ्यात मोठी फजिती झाली ती स्कॉटलंडच्याही वर, एका बेटावर. झाडं नाहीत, नुसतं गवत, दगडी बांध आणि वारा. त्यात धुकं. एक चिमुकला पक्षी रशियाकडून भरकटत आला होता. हे पुढे गेले, माझा पाय चिखलात रुतला, तेवढ्यात धुक्यात दिसेनासे झाले. मी हाका मारत चढ चढले. बघते तर हे गवतात पालथे पडलेले. हलत नव्हते. त्या क्षणी मी काय केलं ते मलाच नीट आठवत नाही, पण माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला तेव्हा कळलं. माय हजबंड हॅज हार्ट प्रॉब्लेम! प्लीज कॉल अँब्युलन्स! बांधाआडून, गवतातून, इकडून तिकडून माणसं उठली. सगळेच पालथे पडून फोटो काढत होते. आणि पक्षी भुर्रकन उडाला.

हे वळले. "अगो बाय, मी जिवंत हाय!"

एका बाईने तोवर फोन लावलाही होता, तो कसाबसा थांबवला. सगळे रिकाम्या गवताकडे बघत होते. लंडनहून विमानाने आलेली माणसं होती त्यात. मला वाटलं, चिखलातून पाय काढलाच नसता तर बरं. हे कपडे झटकत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना हात जोडून म्हणाले, "सॉरी. माय वाइफ." मग ती फोनवाली बाई माझ्याजवळ आली. तिने थर्मासमधला चहा माझ्या हातात दिला. आपल्या नवऱ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या डोळ्यांकडे. मला एकही शब्द लागला नाही. ती पण पक्षी बघायला आली नव्हती.

पक्षी तासाभराने परत आला म्हणून निभावलं. पण ह्यांनी ती गोष्ट पनवेलच्या मच्छी बाजारापर्यंत पोचवली. कोळणीला सांगायचे, "हिला पापलेट जरा मोठा दे. हिनं अख्ख्या इंग्लंडचा पाखरू उडवला." मी पदर तोंडाला लावून पुढे निघून जायचे.

दिवसकार्य झाल्यावर स्वातीने ह्यांचे फोटो टीव्हीवर लावले. शेजारचे बघायला आले, काय सुंदर, काय सुंदर म्हणाले. शेकाट्याही होता. ते गेल्यावर स्वाती कॅमेरा साफ करायला बसली. म्हणाली, "आई, यात पुष्कळ हललेले फोटो आहेत. पुसून टाकते."

मी म्हटलं, थांब. मला दाखव.

बटण दाबताना हे श्वास रोखून धरायचे. छाती शांत असली की फोटो स्वच्छ यायचा. चढ चढून आल्यावर श्वास धरता यायचा नाही. मी विचारलं की म्हणायचे, "काय नाय, बरा हाय." हे हललेले फोटो तेव्हाचे. पक्षी ओळखू येत नव्हता, पण मला प्रत्येक जागा ओळखू आली. हा बोटीतून उतरल्यावरचा. हा कड्यावरच्या पायऱ्यांनंतरचा, तिथे मी ह्यांना बळेच खाली बसवलं होतं. हा धुक्यातला. प्रत्येक फोटोच्या वेळी मी मागे उभी होते. मी स्वातीला सांगितलं, यातला एकही पुसू नकोस.

शेवटचे तीन-चार फोटो इथले निघाले, आमच्या गॅलरीतले. हे जायच्या आधीच्या आठवड्यातले. समोरच्या इमारतीच्या भिंतीवर कावळा बसलेला, लख्ख ऊन. चढ नाही, वारा नाही, हे खुर्चीत बसलेले असणार. मी आत स्वयंपाकघरात असणार... कावळ्याचा नुसता काळा फराटा आला होता.

"कावळा हलला असेल गं," स्वाती म्हणाली.

मी मागची भिंत बघत होते. भिंतही हलली होती.