किनाऱ्याची माती आणि माईणकर बाई

डॉ. वसुधा माईणकर यांची आणि माझी पहिली भेट दापोलीजवळच्या आमच्या लहानशा माती तपासणी प्रयोगशाळेत झाली. त्या प्रमुख, मी सहायकपदाचा उमेदवार. मुलाखतीत बाईंनी मला मातीबद्दल काहीच विचारले नाही. नमुन्याच्या पिशवीवर शेतकऱ्याचे नाव आणि जागा मला नीट लिहिता येते का, एवढेच पाहिले आणि कामावर घेतले.

आमच्या जिल्ह्यात बहुतेक माती जांभ्याची, तांबडी आणि आम्लधर्मी. तिला चुना द्या, हा सल्ला मला पाठ झाला होता. केळशीच्या सुलभाताईंच्या मिरचीच्या मळ्यातली माती आली, तेव्हाही मी नेहमीचेच लिहून दिले. मळा समुद्राला लागून होता आणि मातीत शिंपल्यांचा चुरा होता, तरी माझ्या लक्षात आले नाही. महिन्याभराने निरोप आला, की रोपे खुजी राहिली आहेत आणि पाने जांभळट पडली आहेत.

मी बाईंना सगळे सांगितले. नोकरी गेली, असेच धरून चाललो होतो. बाईंनी उरलेल्या नमुन्यावर आम्लाचे चार थेंब टाकले. माती फसफसली, म्हणजे शिंपल्यांचा चुना तिच्यात आधीपासूनच भरपूर होता. हे आधी पाहायचे असते, एवढेच त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन एसटीने केळशीला निघाल्या.

सुलभाताई रागावल्या नाहीत. फार थकलेल्या दिसल्या. "तुमच्या माणसानं सांगितलान म्हणून चुना टाकला. आता मळा सोडून देऊ काय?"

मी मान खाली घातली. बाई म्हणाल्या, "त्या कागदावर सही माझी आहे. चूक माझीच."

मग वाफ्याच्या कडेला बसून त्यांनी समजावले. पाने जांभळट पडली ती स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, न मिळाल्याने; ते मातीतून गेलेले नाही, चुन्याने धरून ठेवले आहे. वरून भरमसाट खत ओतले तर तेही अडकेल. मुळांतून पाझरणाऱ्या आम्लाने आणि कुजलेल्या शेणखताने ते हळूहळू सुटते. म्हणून चुना बंद, आणि खत शेणखतात मिसळून, मुळांजवळ, थोडे थोडे द्यायचे. अर्धा मळा पुन्हा लावावा लागला. त्याची रोपे बाईंनी आपल्या परसात तयार करून पाठवली. उरलेल्या अर्ध्यात मिरची उशिरा धरली, पण धरली.

त्या चुकीचा उल्लेख बाईंनी पुन्हा कधी केला नाही. किनाऱ्याकडचे नमुने मात्र त्या मुद्दाम माझ्याच टेबलावर ठेवू लागल्या. मी उभा राहिलो तो त्या विश्वासावर. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानतो.

बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. गुडघे कुरकुरतात, तरी कुणी बोलावले की त्या शेतावर जातातच. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, आणि झालेली चूक न घाबरता सांगायला आम्हांला त्यांचे दार अजून पुष्कळ वर्षे उघडे मिळो.