इतर किरकोळ सामान

पाणी तांबडं व्हायला लागलं तेव्हा मला कळलं, आपला ड्रायव्हर आता जातो.

सकाळचे साडेअकरा वाजले होते. टायर फुटून आमची सरकारी जीप पुलाच्या कडेवरून खाली गेली होती. तोंड नाल्यात, मागची चाकं वर काठावर. ड्रायव्हर स्टिअरिंग आणि सीटच्या मध्ये अडकला होता. त्याची मांडी फाटली होती आणि पाणी कमरेपर्यंत चढलं होतं. जीप थोड्या थोड्या वेळानं करकरत बोटभर खाली सरकत होती. माझं डावं मनगट मोडलं होतं. मोबाईलला रेंज नव्हती. आमच्याशिवाय तिथं एकच माणूस होता, तो आरोपी, आणि त्याच्या हातात बेडी होती.

मी जीपमधली प्रथमोपचाराची पेटी उघडली. आत तंबाखूची पुडी आणि वापरलेले कार्बन पेपर होते.

"बाई," आरोपी म्हणाला, "माजी पेटी फोडा."

त्याची पेटी म्हणजे आमचा मुद्देमाल. कापडात शिवलेली, सुतळीनं बांधलेली, गाठीवर लाखेचं सील, वर पंचांच्या सह्यांचं लेबल. कोर्टाच्या हुकुमाशिवाय ते सील तोडणं म्हणजे पुराव्याला हात लावणं. माझ्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. हे मला आजही काल घडल्यासारखं दिसतं. पण आधी तो माणूस आमच्या ताब्यात कसा आला, ते सांगते.

माझं शिक्षण सातवी. नवरा पोलिसात होता, तो वारल्यावर त्याच्या जागी मला घेतलं. धाराशिव जिल्ह्यातच सगळी नोकरी झाली. तेव्हा मी वाशी तालुक्यात हवालदार होते. ठाण्याचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नावं लिहीत नाही.

त्या महिन्यात आमच्या हद्दीतल्या खिंडीत दोन मोटारसायकलवाल्यांना लुटलं होतं. रस्त्याला दोर आडवा धरायचा, गाडी पडली की डोळ्यात मिरची पूड टाकायची, अशी पद्धत. वरून रोज फोन येत होते. साहेब वैतागले होते.

अशात खबर आली. खबर देणारा खिंडीखालचा पंक्चरवाला. तो म्हणाला, "एक पिकअप रोज खिंडीत उभी ऱ्हाती. आत लोखंडी पेटी हाय. दोर हाय, कोयता हाय, मिरची बी हाय. म्या डोळ्यानं बघितलंय."

आम्ही गेलो. पिकअप होती. मालक पन्नाशीचा, शेळ्या-मेंढ्या बाजाराला पोचवणारा. सीटच्या मागं पेटी. त्यानं न मागता चावी काढून दिली. चोर असं करत नाही, हे मला तिथंच दिसलं होतं. पण मी गप्प बसले.

ठाण्यात साहेबांनी त्याला समोर उभं केलं.

"एवढं सामान? लग्नाला निघालास का दरोड्याला?"

"गाडीत लागतंय, साहेब."

"कोयता गाडीला लागतो?"

"गाडीला न्हाय, बाभळीला. वारं सुटलं की फांदी रस्त्यावर आडवी पडती."

"आणि मिरची? इंजिनात टाकतोस?"

"भाकरीवर."

सगळे हसले. मीही हसले. मग मी टोमणा मारला, "गाडीची एवढी काळजी! बायकोची घेतोस का एवढी?"

तो माझ्याकडं बघून म्हणाला, "बायकोपायीच पेटी केली, बाई. पर उशिरा केली."

मी पुढं विचारलं नाही. चौकशीत माणूस स्वतःहून दार उघडतो तेव्हा आत जायचं असतं, एवढं मला तीस वर्षांत कळायला हवं होतं.

जप्ती पंचनामा मी लिहिला. दोर एक, कोयता एक, लोखंडी टॉमी एक, बॅटरी एक, मिरची पूड एक पुडा. पेटीत अजून पुष्कळ होतं. मी पुढं लिहायला लागले तर साहेब म्हणाले, "बाई, भांडीकुंडी कशाला लिहिता? 'इतर किरकोळ सामान' लिहा आणि सह्या घ्या." आमच्यात असंच लिहितात. जे गुन्ह्याला धरून दिसतं त्याला आकडा मिळतो, बाकीचं एका ओळीत जातं. पाच वस्तू वाचल्या तर कोणीही म्हणेल हा लुटारू. अक्षर माझं होतं, म्हणून चूकही माझी.

दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात हजर करायचं होतं. ठाण्यातले शिपाई बंदोबस्ताला गेले होते. आरोपीबरोबर मला एकटीला पाठवणं नियमाला धरून नव्हतं, पण माणसं नव्हती. पेटीही कोर्टाला दाखवायची, म्हणजे पोलीस कोठडी मिळेल, असा साहेबांचा हुकूम. आमचा ड्रायव्हर जाडजूड, तोंडाळ माणूस. मला आक्का म्हणायचा. पेटी जीपमध्ये चढवताना म्हणाला, "आक्का, ह्याच्या बायकोची पातेली बी हायत का बघा. चोराचा समदा संसारच घेऊन चाललो आपण."

"तू टायर बघ," मी म्हणाले. "मागच्या महिन्यापासून घासलाय."

"अर्ज दिलाय, आक्का. टायरला कळवलंय, मंजुरीपस्तोर फुटू नको म्हणून."

अर्ध्या तासानं तो टायर फुटला.

आता पुन्हा नाल्यात येते. मी कमरेची चावी काढली आणि आरोपीची बेडी उघडायला घेतली. एका हातानं चावी बसेना. त्यानं मनगट पुढं धरलं.

मी म्हणाले, "पळालास तर बघ."

"पळाया पाय मोकळंच हुते की, बाई. हात सोडा."

बेडी सुटली. सुतळीची गाठ एका हातानं सुटणारी नव्हती. मी ती दातानं तोडली. लाखेचा तुकडा तोंडात आला तो थुंकला. पेटी उघडली.

त्यानं आधी ड्रायव्हरला हात लावला नाही. दोर काढला, एक टोक जीपच्या मागच्या हुकाला, दुसरं बाभळीच्या बुंध्याला बांधलं. जीपचं सरकणं थांबलं. मग जुन्या धोतराच्या स्वच्छ घड्या काढल्या, पाण्यात उतरला आणि एक घडी जखमेवर दाबून धरली.

"हळद घालू का?" त्यानं विचारलं.

"आधी दाब," मी म्हणाले. पोलिसांच्या शिबिरात तेवढं शिकवलं होतं.

वरून दुसरं धोतर गच्च आवळलं. पाणी तांबडं व्हायचं कमी झालं. ड्रायव्हर पांढरा पडला होता, पण तोंड चालू होतं. "आक्का, चोर बरा हाय ओ," म्हणाला.

"गप ऱ्हा पाहुण्या," पेटीवाला म्हणाला. "दम राखून ठेव."

मग जॅक. वाकलेल्या पत्र्याखाली जॅक लावून त्यानं हळूहळू वर घेतलं आणि गुडघा मोकळा झाला. घोंगडं पसरून आम्ही दोघांनी ड्रायव्हरला त्यावर घेतलं आणि काठावर ओढलं. मी एका हातानं ओढत होते, खोटं कशाला सांगू, जास्त त्यानंच ओढलं. ड्रायव्हर कुडकुडायला लागला तेव्हा तेच घोंगडं त्याच्यावर गुंडाळलं.

पेटीवाला रस्त्यावर पळाला. पळतोय असं दिसलं तेव्हा मला वाटलं, गेला हा. पण तो वळणापाशी थांबला. पेटीतलं लाल फडकं काठीला बांधून त्यानं एक टेम्पो अडवला. टेम्पोवाल्यानं पुढं रेंजमध्ये जाऊन रुग्णवाहिकेला फोन केला. पेटीवाला परत येऊन माझ्याशेजारी बसला आणि दोन्ही हात पुढं केले.

"काय?" मी विचारलं.

"बेडी."

मी चावीसकट बेडी कमरेला लावून टाकली.

रुग्णवाहिका यायला वेळ होता. त्यानं पेटीतून कालची भाकरी काढली. मिरचीच्या पुडीवर मीठ टाकलं, छोट्या बाटलीतलं तेल ओतलं, बोटानं कालवलं आणि माझ्यापुढं धरलं. "खावा बाई. घेरी येईल न्हायतर." तेल आणि मिठाची पुडी काल माझ्या हातातून गेली होती. मी त्यांना किरकोळ लिहिलं होतं. मी भाकरी खाल्ली.

तेव्हा मी विचारलं, "बायकोचं काय झालं होतं?"

"खिंडीतच. तिला दवाखान्याला न्हेत हुतो, पोटात दुखायलं हुतं. चाक बसलं. स्टेपनी हुती, जॅक न्हवता. दीड तास कोण थांबलं न्हाय." एवढंच बोलला. मग म्हणाला, "आता बाजाराची मेंढरं डोंगरावरनं उतरस्तोर म्या रोज तितंच थांबतो. कुणाची गाडी तापली तर पाणी देतो. चाक बसलं तर जॅक देतो."

"पैसे?"

"कशाचे?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. खिंडीत फुकट जॅक आणि फुकट पाणी मिळायला लागल्यावर खालच्या पंक्चरवाल्याचं काय होणार? आम्ही खबर तपासली होती, पण खबर देणाऱ्याचं पोट कशावर चालतं ते तपासलं नव्हतं.

हात गळ्यात अडकवून मी संध्याकाळी आरोपीला कोर्टात हजर केलं. न्यायाधीशांनी विचारलं, "सील कोणी तोडलं?"

"मी."

"कोणाच्या परवानगीनं?"

"कोणाच्याच नाही. माणूस मरत होता."

पेटीचा पंचनामा पुन्हा करायची परवानगी मी मागितली. या वेळी सुईदोऱ्यापासून गुळाच्या खड्यापर्यंत सगळं लिहिलं. दोन पानं झाली. ती दोन पानं वाचून कोणीही म्हणालं असतं, हा शहाणा गाडीवाला आहे. ओळख परेडमध्ये लुटलेल्या दोघांनीही सांगितलं, हा तो नव्हे. तो सुटला. खरे लुटारू पुढं दुसऱ्या ठाण्यानं पकडले, त्याचं श्रेय आमचं नाही. पंक्चरवाल्याला मी ठाण्यात बोलावून जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मला कारणे दाखवा नोटीस आली. मी एका ओळीत उत्तर दिलं आणि सक्त ताकीद घेतली. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले.

परवा माझ्या भाच्यानं नवी चारचाकी घेतली. हार घातला, नारळ फोडला, पुढं लिंबू-मिरची बांधली. मी विचारलं, "जॅक कुठं आहे?" त्याला माहीत नव्हतं. शोधायला लावला, वापरायला लावला, सगळे पाहुणे पेढे खात बघत होते. मग मी त्याला सामान काढून दिलं. दोर, बॅटरी, पाण्याचा कॅन, स्वच्छ कापडाच्या घड्या, पट्ट्या, घोंगडं, लाल फडकं, काडेपेटी, गूळ, शेंगदाणे, घरच्यांचे फोन नंबर कागदावर लिहून, कारण मोबाईल बंद पडतो. स्टेपनीत हवा आहे का ते महिन्यातून एकदा बघायचं. त्याची बायको म्हणाली, "आत्याबाई, डिकी भरली ओ सगळी." मी म्हणाले, भरू दे.

पोलिसाच्या नोकरीत मला कोणी फारसं काही फुकट दिलं नाही. त्या माणसानं दिलं, तेही आम्ही त्याला बेडी घातलेली असताना. मी त्याचे आभार त्या दिवशी मानले नाहीत. पुढं दिवाळीला त्याच्या पिकअपला नवा जॅक घेऊन गेले. त्यानं तो उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "बाई, ह्यो तुमच्या जीपला लावा."

ड्रायव्हर जगला. डाव्या पायानं थोडा लंगडतो आणि अजून मला आक्का म्हणतो. पेटीवाला आहे, पिकअप आहे. मी आहे.