नटबोल्ट काकी आणि धानाची भिंत

नटबोल्ट काकींच्या पर्समध्ये रुमाल, सुपारीची डबी आणि नट आवळायचा वीतभर लोखंडी पाना असायचा. जरीचं लुगडं नेसून लग्नाला निघाल्या तरी पाना सोबत. एका लग्नात आमच्या जेवणाचं टेबल डुगडुगत होतं. काकी उठल्या, खाली वाकून पाना फिरवला आणि परत येऊन वरणभात कालवू लागल्या. नवरदेवाकडच्या मंडळींना कळेना, या पाहुण्या की मंडपवाल्या?

दोन्ही खरं होतं. काकी माझ्या चुलतसासू. त्यांच्या वडिलांचं आमगावात मंडप-बिछायतीचं दुकान होतं. सकाळी रिकामं मैदान, दुपारी लग्नघर, दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदान, हे बघत त्या मोठ्या झाल्या. डिप्लोमा केला, सरकारी बांधकामावर नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर गोंदियाजवळच्या फुलचूरच्या लहान लहान प्लॉटवर उकलता येणारी घरं बांधायला लागल्या.

घराची रीत साधी. लोखंडी सांगाडा, त्यात एका मापाचे भिंतीचे तुकडे. तुकडा म्हणजे बांबूच्या चटईचे दोन दाबलेले बोर्ड आणि मध्ये चुना लावून ठासलेलं धानाचं तूस. गोंदियात राईस मिलबाहेर तुसाचे डोंगर पडलेले असतात, तेव्हा माल दारातलाच. उन्हाळ्यात खोली थंड राहायची. त्यांचा नियम एकच : जे छोट्या हत्तीत मावत नाही ते घरात नको. छोटा हत्ती म्हणजे आपला लहान टेम्पो. आणि खिळा तर मुळीच नको. "खिळा म्हणजे जबरदस्ती. काढाले गेलं का लाकूड बी फाटते. नट बिचारा सोडला का सुटते."

शेजारचे किराणावाले भैया एकदा हसत म्हणाले, "चाचीजी, ये घर है कि मंडप?"

"मंडपही है भैया. फरक इतनाच के बारात वापस नहीं जाती."

आमची बारात चौघांची व्हायची होती. सासरे गेल्यावर सासूबाई आमगावात एकट्या पडल्या. त्यांना आणायचं ठरलं, पण घर बांधायला आमचा फुलचूरचा प्लॉट म्हणजे एक अरुंद पट्टी. नेहमीप्रमाणे मी गरजांची यादी करून काकींकडे गेले. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी चुन्याची फक्की आण. आणि जाऊबाईले बी आण."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोकळ्या प्लॉटवर पांढऱ्या रेघांनी घर आखलं आणि आम्हाला त्यात राहायला लावलं. मी रेघेच्या स्वयंपाकघरात स्टोव्हवर पोहे केले, नवरा रेघेच्या खोलीत सतरंजीवर आडवा झाला, मुलीनं रेघेच्या खिडकीशी अभ्यास मांडला. सासूबाई सरळ चालत माझ्यापाशी आल्या.

"अवं जाऊबाई, तुमी भिंतीतून आल्या!" काकी ओरडल्या.

"मंग दार इकडे काऊन नाही देल्लं? मले चूल दिसली पायजे."

काकींनी चपलेनं रेघ पुसली आणि दार तिकडे घेतलं. त्या संध्याकाळी चार रेघा पुसल्या गेल्या. शेवटी सासूबाईंनी खरा प्रश्न काढला, "अन् धान कुठी ठेवू? वर्षाचं धान ज्या घरात मावत नाही, ते कायचं घर?"

हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. सासूबाई शेतातल्या धानाशिवाय येणार नव्हत्या, हे मात्र नक्की. काकींचे डोळे चमकले. "भिंतीतच भरू! पश्चिमेच्या भिंतीत तुसाच्या जागी धान. ऊन बी अडते, जागा बी वाचते."

घर उभं राहिलं. भिंतीच्या खालच्या झडपेतून धान सूपभर काढायचं, मिलवर पाठवायचं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंत ठोकून दाखवायच्या. अख्ख्या मोहल्ल्यात कौतुक.

मग वैशाख आला. पश्चिमेचं ऊन भिंतीवर तापलं आणि झडपेतून बारीक राखाडी पाखरं निघू लागली. वरणात पाखरं, देवघरात पाखरं, मुलीच्या वहीत पाखरं. सासूबाईंनी पेटी भरली. "मी जातो आमगावले. माह्या धानाच्या पायी तुमच्या लेकीले काऊन तरास?" आवाज रोखठोक होता, पण पेटीचं कुलूप त्यांना लागत नव्हतं.

मी काकींना फोन केला. त्या दोन कारागीर घेऊन आल्या, भिंतीला हात लावला आणि स्वच्छ म्हणाल्या, "चूक माही आहे. तूस मेलेलं असते, धान जित्तं. जित्त्याले उन्हात उभं कराव नाही."

"आता घर पाडतं का वो?" सासूबाई.

"पाडाले कायले? उकलून राहिलो. पेटी ठेवा अन् ताट धरा."

सासूबाईंनी ताट धरलं, त्यात सुटलेले नट पडत गेले. धान अंगणात ओतून चाळलं, कडुनिंबाचा पाला मिसळला. पश्चिमेची भिंत धानासकट उत्तरेला सावलीत गेली आणि उत्तरेची, तुसाची, पश्चिमेला. माप एकच, त्यामुळे कुठे काही कापावं लागलं नाही. दिवस मावळायच्या आत घर पुन्हा घर झालं. पेटी कॉटखाली गेली.

दर दिवाळीला काकी आमच्याकडे यायच्या त्या तेलाची बुधली घेऊन. फराळाआधी नटांना तेल. "गंजला नट म्हणजे खिळाच."

मागच्या वर्षी त्यांचं दुखणं वाढलं. इकडे मुलगी मोठी झाली होती, तिला स्वतंत्र खोली हवी होती आणि सासूबाईंनी पुन्हा पेटीकडे पाहायला सुरुवात केली होती. काकींना ते न सांगता कळलं. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, "मी गेल्यावर माही खोली उकलून घेऊन जा. तुमच्या मागच्या जागेत बरोबर बसते. मी माप घेतलं आहे."

त्या गेल्या. तेराव्यानंतर आम्ही त्यांच्या घरी गेलो. पाना त्यांचाच, आता माझ्या पर्समध्ये. जोर लागेल म्हणून नवऱ्यानं लांब दांडीही घेतली होती. मी पहिला नट पकडला. तो बोटांनीच फिरला. दुसराही. प्रत्येक नटाला तेल दिलेलं होतं. अंथरुणाला खिळण्याआधी त्यांनी खोलीचा नट न् नट सैल करून ठेवला होता.

सासूबाई ताट धरून उभ्या होत्या. पहिला नट ताटात वाजला तशा म्हणाल्या, "जाता जाता बी कामच केलं या बाईनं."

खोली एका फेरीत छोट्या हत्तीतून आली. सासूबाई तिच्यात झोपतात, त्यांची आधीची खोली मुलीची झाली. पेटी आता त्यांनी मुलीला पुस्तकं ठेवायला दिली आहे.