देवापुढची कुपी

लालबागच्या चाळीत धोंडू परबच्या घरात शिरणारी प्रत्येक वस्तू आधी देव्हाऱ्यापुढे जायची. गिरणीतला पहिला पगार, मुलगा दीपकची मार्कशीट, सून मालनने आणलेला मिक्सरसुद्धा. हळदकुंकू, तांदूळ आणि वर मालवणी गाऱ्हाणं. गाऱ्हाणं घालण्यात म्हाताऱ्याचा हात धरणारा अख्ख्या चाळीत कोणी नव्हता. देवच कंटाळत असेल, पण हा थांबायचा नाही.

एकवीसच्या एप्रिलात दीपक करोनाने परळच्या एका नर्सिंग होममध्ये पडला. डॉक्टरांनी एक इंजेक्शन लिहून दिलं. विषाणूशी झुंजायला अंगातली ताकद जागी करणारं. गुण येईलच असं नाही, पण बघू, म्हणाले. मालन तीन दिवस शीवपासून गिरगावपर्यंत वणवण फिरली. चौथ्या सकाळी कुपी मिळाली, एकच. ती थर्माकोलच्या डब्यात, बर्फात घालून तिने घरी आणली. नर्सिंग होमच्या गेटवर औषधं दुपारी बारालाच घेत. "जरा टेकतंय, आबा," म्हणाली आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला.

बर्फ म्हणजे उन्हातून आणण्यापुरता, असं धोंडूला वाटलं. त्याने कुपी काढून समईजवळ तांदळावर ठेवली. "बा देवा म्हाराजा, माज्या झिलाक उठव. त्येचा काय चुकला आसात तर ता माज्या पदरात घाल." 'व्हय म्हाराजा' म्हणायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तेही त्यानेच म्हटलं. आशीर्वाद मुरावा म्हणून कुपी तिथेच राहू दिली. दमलेल्या पोरीला उठवणं त्याच्या जिवावर आलं. निघायच्या वेळी त्याने ती परत डब्यात घातली, मग मालनला उठवलं आणि तोही तिच्याबरोबर निघाला.

गेटवर सिस्टरने विचारलं, "सतत थंडच होतं ना? बाहेर राहिलं असेल तर देता येणार नाही."

"थंडच होतं," मालन म्हणाली.

बर्फ घरातही हवाच होता, हे धोंडूला आत्ता कळलं. बोलावं तर हातचं औषध जातं, न बोलावं तर पोराच्या अंगात पाणीच टोचलं जाणार. सिस्टर डबा घेऊन जिन्यापर्यंत पोचली.

"थांबा, सिस्टर!" तो ओरडला. "बाहेर होतं. तीन तास. मीच ठेवलं, देवापुढे."

सिस्टर वर विचारून आली आणि तिने डबा परत दिला. "दुसरं आणा. लवकर."

मालनने डबा काखेत मारला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आबा, आता देवाक काय सांगू नकात," एवढंच म्हणाली आणि रस्त्याने जवळजवळ धावत सुटली.

सवयीने धोंडूचे हात छातीशी जुळले. पण मागायचं कोणत्या तोंडाने? त्याने हात खाली सोडले आणि बंद गेटसमोर तो ओक्साबोक्शी रडला.