कळंबची जोन

कळंबच्या संभाजी गलांडे यांना तीन मुलींच्या पाठीवर चौथीही मुलगीच झाली, तेव्हा तिचं नाव नकोशी ठेवलं गेलं. सातवीत असताना शाळेतल्या बाई म्हणाल्या, हे नाव बदलून आपण निकिता करू. नकोशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. ज्यांनी ठिवलंय त्यांला रोज घिऊ द्या की तोंडानं."

ती आता चोवीस वर्षांची आहे. बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत दुधाच्या पिशव्या भरते, मोटारसायकलवर येते-जाते. यंत्रांच्या त्या खडखडाटात बायका एकमेकींच्या कानाशी लागून बोलतात. नकोशी मात्र गायला लागली की पार दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. डेअरीच्या एका कार्यक्रमात सुप्रिया पारखे यांनी तो आवाज ऐकला आणि त्या सरळ तिला शोधत आल्या.

सुप्रियाताई बारामतीत गाणं शिकवतात. घर कॅथलिक. संत जोनवर एक रॉक संगीत नाटक त्या बसवत होत्या आणि जोनच्या कामाला त्यांना नकोशी हवी होती. जोन म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीची, फ्रान्समधल्या खेड्यातली पोरगी. केस कापून, पुरुषाचे कपडे घालून ती इंग्रजांशी लढणाऱ्या फौजेच्या पुढं घोड्यावर बसली. पकडली गेल्यावर धर्माच्याच न्यायाधीशांनी तिला दोषी ठरवलं आणि एकोणिसाव्या वर्षी तिला जिवंत जाळलं. पुढं त्याच धर्मानं तिला संत म्हटलं.

नकोशीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तालमी कवा हायत्या?"

वाद्यवृंद गावचाच होता. खाजा मोबाईल दुरुस्त करायचा आणि गिटार वाजवायचा. मुन्ना लग्नाच्या वरातीत बँजो पार्टीबरोबर ड्रम बडवायचा. नाटकात नकोशीला आखूड केसांचा टोप घातला होता, पण उड्या मारताना तो डोळ्यांवर यायचा. तिसऱ्या तालमीनंतर तिनं सलूनमध्ये जाऊन केस मानेपर्यंत कापून टाकले.

गावात दुसऱ्या दिवशी चावडीपाशी गावातल्या टोळक्याचा म्होरक्या बिरूनं तिची गाडी अडवली. तो म्हणाला, "ख्रिस्ती झालीस म्हनं."

"जत्रंत अप्पा दरवर्साला रावनाचं सोंग घेत्यात," नकोशी म्हणाली. "त्यांनी कुनाची बायको पळवली का?"

अप्पा पारावरच बसले होते. ते मिशीतल्या मिशीत हसले. बिरू बाजूला झाला, पण जाताना म्हणाला, "नाटकाला आमीबी येनार हाय. बघू काय दाखवताय ते."

घरी प्रकरण एवढ्यावर मिटलं नाही. लोणी देवकरला कारखान्यात असलेल्या लखनशी तिचं लग्न ठरत आलं होतं. त्याचे चुलते तात्या त्याला घेऊन आले. तात्या म्हणाले, "केस वाढत्याल. त्याचं काय न्हाय. पर त्ये नाटक सोडायचं."

नकोशीनं लखनकडं बघितलं. "तुमचं काय म्हननं हाय?"

लखन खाली बघत म्हणाला, "तात्या म्हनत्याल तसं."

"मंग न्हाय जमायचं," नकोशी म्हणाली आणि चहाचे कप उचलून आत गेली.

संभाजीरावांनी त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं. आई, बनाबाई, डबा भरून देत राहिली.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी सभागृहाच्या विश्वस्तांनी सुप्रियाताईंना बोलावून घेतलं. ते म्हणाले, तक्रारी आल्या आहेत, नाटक करा, पण क्रूस दिसता कामा नये. ताई परत आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्यानं. शेवटच्या गाण्यात जोन चितेवरून क्रूस मागते, ती ओळच त्यांनी काढून टाकली.

नकोशी म्हणाली, "ताई, मरताना ती दुसरं काय मागत न्हाय. तेवढंबी तिला द्यायचं न्हाय?"

"तुला गावात राहायचंय, नकोशी."

"मलाच ऱ्हायचंय ना? मंग मी बघीन की."

ताईंनी ऐकलं नाही. क्रूस पेटीत बंद झाला.

प्रयोगाला सभागृह भरलं होतं. बिरू आणि त्याचे सोबती दुसऱ्या रांगेत बसले होते. सुरुवातीला त्यांनी शिट्ट्या मारल्या, पण गिटार आणि ड्रमपुढं त्या ऐकूच येत नव्हत्या. न्यायाधीशांनी जोनला शब्द मागं घे म्हणून धमकावलं, आणि नकोशीच्या नकाराच्या गाण्यावर तिच्या डेअरीतल्या बाया उठून उभ्या राहिल्या. मग चिता आली. लाल उजेडात, खांबाला बांधलेली नकोशी काढून टाकलेली ओळ गायली. "क्रूस दाखवा, मला क्रूस दाखवा."

आता तिला दाखवायला रंगमंचावर क्रूसच नव्हता. खाजाची बोटं थांबली. विंगेत सुप्रियाताईंनी तोंडावर हात धरला. नकोशीनं ती ओळ पुन्हा म्हटली आणि थांबली.

मुन्ना ड्रममागून उठला. हातातल्या दोन काठ्या त्यानं एकमेकींवर आडव्या धरल्या आणि पुढं येऊन तिच्यासमोर उंच केल्या.

सभागृहात कुणी हललं नाही. नकोशीनं उरलेलं गाणं वाद्यांशिवाय म्हटलं, आणि पडदा पडेपर्यंत मुन्नानं हात खाली घेतले नाहीत. बिरू आणि त्याचे सोबती शिट्टी न मारता निघून गेले.

विश्वस्तांनी पुढची तारीख नाकारली. लखनचं स्थळ तर गेलंच होतं. सुप्रियाताई नकोशीला रागावतील असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी तिला जवळ घेतलं आणि त्या एवढंच म्हणाल्या, "मी भ्याले होते गं."

बनाबाई एकटीच नाटकाला आली होती. मोटारसायकलवर मागं बसून घरी जाताना तिनं विचारलं, "खरंच जाळलं व्हतं का गं तिला?"

"व्हय."

"तिला आई न्हवती का?"

"व्हती की. लई वर्सांनी म्हातारपनी ती न्यायाला उभी ऱ्हायली. तिनं निकाल फिरवून घेतला."

बनाबाई म्हणाली, "मंग त्ये का दाखवलं न्हाय तुमी?"

नकोशीनं ते सुप्रियाताईंना सांगितलं. त्यांनी जोनच्या आईचं गाणं लिहिलं. डेअरीतली जरिना ते म्हणते. पुढचा प्रयोग लोणी देवकरला कारखान्यातल्या कामगारांनी मोकळ्या मैदानात ठेवला. संभाजीराव आले नाहीत. बनाबाई पुढच्या सतरंजीवर बसली होती, आणि जरिना न्यायाधीशांपुढं उभी राहून लेकीचा हिशेब मागू लागली तेव्हा बनाबाई पदर खोचून ताठ झाली.